एकाच पेशीच्या आत नळी: पटल येतं कुठून, आणि बिघडलेली नळी वाचायची कशी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फळमाशीच्या अळीत श्वासनलिकांच्या टोकांना ज्या टोकपेशी असतात, त्यांत तुम्ही आरएनएआय (एखाद्या जनुकाचं काम दाबण्याचं तंत्र) वापरून एकेक रॅब प्रथिन, म्हणजे पेशीतल्या पटलाची वाहतूक सांभाळणारं प्रथिन, कमी करून बघताय. एकात फांद्याच कमी झाल्या, दुसऱ्यात नळीला फुगे आले, तिसऱ्यात केंद्रकाभोवती नळ्यांचा गुंता झाला. यातलं कोणतं प्रथिन नळी तयार करतं असं लिहायचं? आणि एका पेशीच्या आत एवढी लांब नळी करायला पटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण (मेम्ब्रेन), आणायचं कुठून?

मी बरीच वर्षं याच पेशी बघते आहे. माझं मत आधीच सांगते: ‘कोणतं प्रथिन नळी तयार करतं’ हा प्रश्न या पेशींना फारसा लागू पडत नाही. तुमच्या तिन्ही निरीक्षणांमागे खरे प्रश्न चार आहेत. पटल किती आलं, कोणत्या पत्त्यावर उतरलं, उतरलेल्यातलं किती परत नेलं, आणि जे उरलं त्याला कोणी आकारात धरून ठेवलं. बहुतेक वाहतूक-प्रथिनं यातल्या एखाद्याच कामात असतात. म्हणून त्यांचे बिघाडही इतके वेगवेगळे दिसतात.

आधी रचना नीट डोळ्यांसमोर आणू. आपल्या मोठ्या रक्तवाहिन्या किंवा आतडं म्हणजे अनेक पेशींनी मिळून केलेली भिंत आणि मधे पोकळी. टोकपेशीत तसं नाही. तिथे एकच पेशी ताऱ्यासारख्या फांद्या पसरते आणि प्रत्येक फांदीच्या आतून एक नळी धावते. त्या नळीला कुठेही शिवण नसते, म्हणजे पेशी-पेशींचा सांधा नळीच्या लांबीत सापडत नाही. सांधा असतो तो फक्त मुळाशी, शेजारच्या देठपेशीला ती जोडली जाते तिथे. ही पोकळी पेशीच्या आत दिसत असली तरी पेशीद्रव्याच्या दृष्टीने ती बाहेरच आहे. सदऱ्याच्या खिशात घातलेला हात सदऱ्याच्या आत दिसतो, पण कापडाच्या बाहेरच्याच बाजूला असतो, तसं. म्हणून नळीची भिंत म्हणजे पेशीच्या बाह्यपटलाचाच आत वळलेला भाग. जीवशास्त्रात पोकळीकडच्या या बाजूला एपिकल म्हणतात, आणि स्नायू वगैरे ऊतींना टेकणाऱ्या बाहेरच्या बाजूला बेसल. क्रम्ब्ससारखी एपिकल ओळख सांगणारी प्रथिनं टोकपेशीत या आतल्या नळीच्या पटलावर असतात. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सोपं जातं: नळी वाढवणं म्हणजे एपिकल पटल वाढवणं.

सगळ्या एकपेशीय नळ्या अशाच होतात असं मात्र नाही, आणि यावर तुमचं अर्धं उत्तर अवलंबून आहे. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीच्या उत्सर्जन संस्थेत तीन शेजारी पेशी तीन तऱ्हेने नळी होतात. रंध्रपेशी स्वतःभोवती गुंडाळी घेते आणि स्वतःच्याच कडांचा सांधा तसाच ठेवते. वाहिनीपेशीही गुंडाळी घेते, पण नंतर एएफएफ-१ नावाचं पटल जोडणारं प्रथिन तो सांधा वितळवून टाकतं, म्हणून तिची नळी शिवणरहित होते. तिसरी, इंग्रजी एच अक्षरासारखी पसरलेली कालवापेशी, आतूनच पोकळ होत जाते आणि तिचे कालवे कृमीच्या अंगभर लांब धावतात. तुमची टोकपेशी या तिसरीच्या जवळची. एएफएफ-१ची गंमत अशी की ते फक्त सांधा वितळवून थांबत नाही. वाहिनीपेशी लांब होताना पटलाचे तुकडे आत ओढून तोडायलाही ते लागतं, हे २०१८ साली दाखवलं गेलं. गुंडाळीने सुरू झालेली नळीसुद्धा पुढे वाहतुकीवरच वाढते, हे त्यातून दिसतं.

आता पटलाचा हिशोब. हा मी प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाकडून कागदावर करून घेते, कारण त्यानंतर चित्रं वेगळी दिसायला लागतात. टोकपेशीतली नळी एक मायक्रोमीटरपेक्षाही अरुंद असते. सोयीसाठी व्यास ०.५ मायक्रोमीटर आणि लांबी १०० मायक्रोमीटर धरू. भिंतीचं क्षेत्रफळ झालं सुमारे १५७ चौरस मायक्रोमीटर. पेशीत पटल ज्या इवल्या पिशव्यांमधून फिरतं, म्हणजे व्हेसिकल्स, त्यांचा व्यास १०० नॅनोमीटर धरला तर एका पिशवीचं पटल ०.०३१ चौरस मायक्रोमीटर. म्हणजे एवढ्याशा नळीसाठी सुमारे ५,००० पिशव्या येऊन मिसळायला हव्यात. पिशव्या ३०० नॅनोमीटरच्या असतील तर साडेपाचशेच्या आसपास पुरतात. पिशवीचा आकार हा किरकोळ तपशील नाही, तो इथे कळतो.

याच हिशोबात आणखी तीन गोष्टी लपल्या आहेत आणि त्या तुमच्या तिन्ही निरीक्षणांना थेट लागू होतात.

पहिली: फांदीला फक्त आतली नळी लागत नाही, बाहेरचं आवरणही लागतं. फांदीची बाहेरची जाडी १ मायक्रोमीटर धरली तर त्याच १०० मायक्रोमीटर लांबीला ३१४ चौरस मायक्रोमीटर बेसल पटल लागतं, नळीच्या दुप्पट. म्हणून पटल पोचवणाऱ्या यंत्रणेत सरसकट बिघाड केला की फांद्याच कमी होतात. यात नळीचं खास असं काही बिघडलेलं असेलच असं नाही. एक्सोसिस्ट या प्रथिन-संचाचं उदाहरण घ्या. बाह्यपटलापाशी आलेली पिशवी मिसळण्याआधी धरून ठेवणं हे त्याचं काम. टोकपेशीतून ते काढलं की फांद्या वाढणं खुंटतं. तुमच्या पहिल्या रॅबबद्दल म्हणूनच एवढंच म्हणता येईल की पेशीची वाढ अडली. ‘नळी तयार होत नाही’ हे विधान फांदी आहे पण तिच्यात नळी नाही, अशा पेशी दाखवल्यावरच करा.

दुसरी: पटल आणि आतलं घनफळ वेगवेगळ्या वाटांनी येतात. वरच्या नळीचं घनफळ सुमारे २० घन मायक्रोमीटर. त्या ५,००० पिशव्यांच्या पोटातलं सगळं द्रव मिळून तीन घन मायक्रोमीटरही भरत नाही. उरलेलं पाणी पटलातून यावं लागतं, क्षारांच्या मागोमाग. सूत्रकृमीच्या कालवापेशीत हे स्पष्ट झालं आहे. तिथे पोकळी लांबण्यासाठी ईआरएम-१ हे पटल आणि ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्याचे तंतू) यांना जोडणारं प्रथिन आणि एक्यूपी-८ ही पाण्याची वाहिनी, दोन्ही लागतात. पटल भरपूर आणि पाणी कमी असेल तर नळी चपटी किंवा सुरकुतलेली राहील. उलट झालं तर ताण येईल.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: फुगा आला म्हणजे पटल जास्त झालं, असं गृहीत धरू नका. तेच १५७ चौरस मायक्रोमीटर पटल नळीऐवजी गोळा झालं तर त्या गोळ्याचा व्यास भरतो सुमारे ७ मायक्रोमीटर. पटल तेवढंच, घनफळ मात्र नऊपटीहून जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली हा गोळा प्रचंड दिसतो आणि आपण लिहून मोकळे होतो की स्राव वाढला. प्रत्यक्षात एक चौरस मायक्रोमीटरही वाढलेला नसू शकतो. नळीला नळीच्या आकारात धरून ठेवणारं काहीतरी सुटलं असू शकतं. फुगा दिसला की आधी क्षेत्रफळ मोजा, मगच कारणाकडे वळा.

याचा सुंदर पुरावा याच पेशींत आहे. ब्रेडेड नावाच्या म्युटंटमध्ये, म्हणजे एक जनुक बिघडलेल्या माशीत, टोकपेशीच्या नळीला फुगे येतात आणि फांद्याही घटतात. ते जनुक निघालं सिंटॅक्सिन-७चं, म्हणजे आत ओढलेलं पटल हाताळणाऱ्या टप्प्यावरचं. पिशवी तोडणारं डायनॅमिन, ज्याला माशीत शिबिरे म्हणतात, किंवा रॅब-५ काढलं तरी फुगे येतात. म्हणजे अडचण आणण्यात नसून परत नेण्यात होती. परत नेणं थांबलं की एपिकल पटलावर क्रम्ब्स साचतं, आणि त्याच्यासोबत सक्रिय मोएसिन, जे पटलाला ॲक्टिनच्या जाळ्याशी बांधतं. नुसतं क्रम्ब्स वाढवलं किंवा मोएसिन सतत सक्रिय ठेवलं तरी तसेच फुगे. आणि ब्रेडेडमध्येच मोएसिनची मात्रा घटवली तर फुगे कमी होतात, फांद्याही परत येतात. २०१४ सालचं हे काम मी प्रत्येकाला वाचायला सांगते. वाहतूक इथे विटा पुरवत नाही, आकार ठरवणाऱ्या प्रथिनाची पातळी ठरवते, हे त्यातून फार स्वच्छ कळतं.

जाता जाता: शिबिरेचे तापमानाला संवेदनशील म्युटंट मेंदूविज्ञानातल्या लोकांना जास्त परिचित आहेत. तापमान वाढवलं की पिशव्या तुटणं थांबतं आणि माशी लुळी पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी या माशांवर मोलाचं काम केलं. टोकपेशीसाठीही हे म्युटंट अमूल्य आहेत, कारण बिघाड केव्हा सुरू करायचा ते आपल्या हातात राहतं.

आता पत्त्याचा प्रश्न, म्हणजे तुमचा केंद्रकाजवळचा गुंता. पत्ता चुकला की काय होतं ते रॅब-३५ने २०१२ साली दाखवलं. रॅब प्रथिनं चालू आणि बंद अशा दोन अवस्थांत असतात. त्यांना बंद करणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे व्हॅक्ड, आणि ते रॅब-३५ बंद करतं. व्हॅक्ड नसेल तर रॅब-३५ जास्त वेळ चालू राहतं आणि नळी फांदीच्या टोकाशी इतकी वाढते की जागा संपल्यावर उलट वळण घेऊन मागे येते. आता उलटं करा: रॅब-३५ कमी करा, किंवा सूक्ष्मनलिकांवरून ओझं वाहणारी डायनिन ही मोटर बिघडवा. नळ्या होणं थांबत नाही, त्या केंद्रकाच्या भोवती होतात. म्हणजे एपिकल पटल तयार होतंच आहे, ते टोकापर्यंत पोचत नाहीये. रॅब-३५ ‘नळी तयार करतं’ असं लिहिणं इथे सरळ चुकीचं ठरलं असतं. ते नळी कुठे वाढेल ते ठरवतं. तुमचं तिसरं रॅब याच वर्गातलं वाटतं, पण खात्री करायला दोन गोष्टी बघा. त्या गुंत्यावर क्रम्ब्स आहे का, आणि तो मूळ नळीला जोडलेला आहे की सुटा आहे. सुटा असेल तर ती नळी नसून नुसती मोठी रिक्तिका असू शकते.

मग पटल येतं कुठून? एकाच ठिकाणाहून नाही, आणि कुठून किती हे अवस्थेवर ठरतं. गर्भात टोकपेशी लांब व्हायला लागते तेव्हा पोकळीची सुरुवात मुळाशी, शेजारच्या पेशीच्या सांध्याजवळच्या एपिकल पटलापासून होते आणि ती आतल्या आत पुढे सरकते. ती कुठून निघेल हे तारककेंद्रांशी, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून पसरतात त्या बिंदूंशी, बांधलेलं आहे. तारककेंद्रं जास्त झाली तर एका पेशीत जादा पोकळ्या फुटतात, हे २०१६ साली बार्सिलोनातल्या गटाने दाखवलं. नवं पटल आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल या नेहमीच्या वाटेने येतं. मला सगळ्यात जास्त चकित केलं ते तिसऱ्या वाटेने. हायडेलबर्गच्या ईएमबीएल या संशोधन संस्थेत मारिया लेप्टिन यांच्या गटाने २०२०मध्ये दाखवलं की पेशी बेसल बाजूचं पटल डायनॅमिनच्या साहाय्याने आत ओढते, उशिराच्या एंडोसोममधून (आत ओढलेला माल हाताळणाऱ्या कप्प्यातून) फिरवते आणि नळीच्या भिंतीत घालते. म्हणजे बाहेरचं पटल आतल्या पोकळीचं पटल होतं. उशिराचा एंडोसोम म्हटलं की आपल्याला वाटतं पुढची पायरी लयकारिका, म्हणजे माल मोडीत जाणार. इथे तो बांधकामाच्या वाटेवर आहे.

यातून प्रयोगाला एक गंभीर अडचण येते. डायनॅमिन किंवा रॅब-५ घालवलं तर दोन गोष्टी एकदम बिघडतात: नळीवरून क्रम्ब्स परत नेणं आणि बेसलकडून पटल आणणं. पहिलीमुळे नळी फुगेल, दुसरीमुळे खुंटेल. प्रत्यक्ष काय दिसेल ते तुम्ही केव्हा आणि किती काळ अडवलं यावर अवलंबून राहील. वाढत्या अळीत दीर्घकाळ आरएनएआय चालवून दिसलेला परिणाम हा अनेक परिणामांचा गाळ असतो. शक्य असेल तिथे तापमानाने चालू-बंद करता येणारी साधनं वापरा आणि बिघाड सुरू केल्यावर लवकरच्या वेळांना बघा. जे आधी बिघडतं ते मूळ कारणाच्या जवळ असतं.

आतापर्यंतचं जोडून बघू. फांद्या कमी: पटलाचा एकूण पुरवठा किंवा वाढीचा संकेत. फुगे: परत नेणं किंवा आकार धरणं. चुकीच्या जागी नळ्या: पत्ता. ही विभागणी पहिल्या अंदाजापुरती वापरा, कारण ब्रेडेडसारखं एकच जनुक दोन खणांत बसतं.

सूत्रकृमीकडे बघितलं की हीच विभागणी वेगळ्या नावांनी भेटते. तिथल्या कालव्यात गळवांसारखे फुगे येणाऱ्या म्युटंटना ‘एक्स’ गटाची नावं आहेत. त्यातलं एक्स-५ नसेल तर सुरुवातीच्या एंडोसोमच्या खुणा साचतात आणि पुनर्वापराच्या एंडोसोमच्या कमी होतात. म्हणजे पटल आत येतं पण परत पृष्ठभागाकडे जात नाही. सीसीएम-३ हे प्रथिनही तिथे पुनर्वापरातूनच कालवा लांबवतं. माणसात याच जनुकातल्या दोषामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून पातळ भिंतींच्या पोकळ्या होतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. या विषयाबद्दल मला इतकी आस्था का आहे, असं कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देते.

तरीही माशी आणि कृमीतलं थेट रक्तवाहिन्यांवर लादू नका. झेब्राफिशमध्ये २००६ साली असं मांडलं गेलं की रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराच्या पेशींतल्या रिक्तिका एकत्र येऊन पोकळी होते. २०१६मध्ये त्याच प्राण्यात दिसलं की रक्ताचा दाब पटलाला पेशीच्या आत फुगे काढायला लावतो आणि पेशी नको त्या जागचे फुगे ॲक्टिन-मायोसिनने आवळून मागे ढकलते. वाहिनीत आधीच रक्त वाहत असेल तर ढकलणारा जोर बाहेरून मिळतो. टोकपेशीत रक्ताचा असा प्रवाह नाही, म्हणून तिथे वाहतुकीवर जास्त भार पडतो, असं मला वाटतं.

आता तुमच्या टेबलावरचं. नळी ‘नाहीशी’ झाली असं साध्या प्रकाशात बघून ठरवू नका. साध्या प्रकाशात आपल्याला हवेने भरलेली नळी दिसते. नळी शाबूत असून द्रवाने भरलेली राहिली तर ती जवळजवळ अदृश्य होते. क्रम्ब्सचं रंजन किंवा पटलाला चिकटणारं जीएफपी हे चमकणारं प्रथिन वापरल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. प्रत्येक रॅबसाठी दोन स्वतंत्र आरएनएआय वाण घ्या, आणि शक्य असेल तर खऱ्या म्युटंटचे क्लोन करा, म्हणजे एका बिघडलेल्या पेशीची तुलना त्याच अळीतल्या सुदृढ पेशीशी होते. आरएनएआय कोणत्या पेशींत चालेल हे गॅल४ वाण ठरवतो; पूर्ण श्वासनलिकेत चालणाऱ्या ब्रेथलेस-गॅल४ ऐवजी टोकपेशीपुरता एसआरएफ-गॅल४ वापरून बघा, नाहीतर देठपेशीतला बिघाड टोकपेशीच्या नावावर जातो. फांद्यांची संख्या प्राणवायूवरही ठरते. ऊतीला तो कमी पडला की ती ब्रँचलेस हा संकेत सोडते आणि टोकपेशी तिच्याकडे जास्त फांद्या पाठवते. दाटी झालेल्या बाटलीतल्या अळ्या मी म्हणूनच तुलनेत घेत नाही, आणि नेहमी एकाच खंडातली टोकपेशी मोजते.

सुरुवात मी तुमच्या जागी असते तर फुगेवाल्या रॅबपासून केली असती, कारण तिथे एका संकरातून उत्तर मिळू शकतं. आधी क्रम्ब्स आणि फॉस्फरिलित, म्हणजे सक्रिय, मोएसिन यांची पातळी सुदृढ पेशीशी ताडून बघा. वाढलेली असेल तर त्याच आरएनएआयच्या अळ्यांत मोएसिनची एक प्रत घालवा. फुगे कमी झाले तर तुमचं रॅब परत नेण्याच्या वाटेवर आहे असं मानायला चांगला आधार मिळतो. झाले नाहीत तर पाणी, क्षार आणि स्रावाकडे वळा. फक्त हे लक्षात ठेवा की मोएसिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे एक प्रत कमी असलेल्या अळ्या फक्त माद्या असतील. नियंत्रण गटातही माद्याच मोजा. तिसऱ्या अवस्थेतल्या नर अळीची वृषणं दोन्ही बाजूंना पारदर्शक लंबगोल ठिपक्यांसारखी दिसतात, म्हणून विच्छेदनाआधीच नर वेगळे काढता येतात.